एकशे आठ मडकी आणि चवदार तळ्याची नाडी

खर्डीच्या माणसानं महाडच्या तळ्यावर का लिहावं, असं कुणी विचारील. विचारावंच. खर्डी कसारा लाइनवरचं, शहापूर तालुक्यातलं. महाड पार तिकडं रायगडात, सावित्रीच्या काठी. पण महाडच्या कोर्टातून निघालेला चवदार तळ्याचा दावा अपिलात आमच्या ठाण्याच्याच कोर्टात आला होता, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. हे एक कारण. दुसरं असं की खर्डीच्या तीन अंगांना पाणी आहे. पश्चिमेला तानसा, वायव्येला मोडकसागर, दक्षिणेला भातसा. एवढ्या पाण्यात राहून ज्याच्या घरी मार्चनंतर हंडे वाजतात, त्याला पाण्याबद्दल बोलायचा हक्क आपोआप मिळतो. आणि तिसरं कारण माझ्या पोटाचं. मी आयुष्यभर एका सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने आणले, बाटल्या धुतल्या, नोंदवह्या लिहिल्या. साहेब नव्हतो. पण बाटली उजेडात धरली की पाणी कुठल्या चालीचं आहे हे हाताला कळायला लागतं.

हल्ली पाणथळ जागांची तब्येत तपासायचं शास्त्र झालं आहे. पाणी येतं कुठून, जातं कुठं, गाळ किती, पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, काठाला माती आहे की दगड, चतुर उडतात का, बेडूक ओरडतो का, मासा कोणत्या जातीचा. चांगलं शास्त्र आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. माझं म्हणणं इतकंच की चवदार तळ्याची तब्येत बिघडली असा दाखला गेल्या शंभर वर्षांत जाहीरपणे एकदाच वाजतगाजत दिला गेला, आणि तो देणाऱ्यांनी पाण्याकडे पाहिलंच नव्हतं. त्यांनी माणसांकडे पाहिलं. आज तळ्याची काळजी वाहणारेही पाण्याकडे पाहत नाहीत, ते पुतळ्याकडे, दिव्यांकडे आणि पायऱ्यांच्या फरशीकडे पाहतात. या दोन्हींच्या मधे पाणी जसंच्या तसं पडून आहे. म्हणून इतिहास पुन्हा सांगायचा, पण या वेळी पाण्याच्या बाजूनं.

४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं ५ जानेवारी १९२४ ला आपलं तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. तीन वर्षं एकाही महाराचा, चांभाराचा पाय त्या पायऱ्यांवर पडला नाही. मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत, गुरं पीत, कुत्री पीत. गुरांनी पाण्यात काय सोडलं याची नोंद कुणी ठेवली नाही.

मग १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, सहस्रबुद्धे अशी मंडळी राबत होती. परिषदेच्या मांडवात माणसांना प्यायला पाणी पाहिजे, तर ते स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी. १९२७ चे चाळीस रुपये! भरलेलं तळं गावात, आणि आपली माणसं पाण्याला रोकड मोजतायत. मला विचाराल तर सत्याग्रहाचं पहिलं पान हेच आहे, आणि परिषदेची भाषणं पाठ असलेले वक्तेसुद्धा ते उलटून पुढं जातात.

२० तारखेला बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळ भरली, प्यायले. मागून लोक प्यायले. वीरेश्वराच्या देवळात हे घुसणार अशी हूल उठली आणि गावातल्या लोकांनी मांडवाकडे परतलेल्या, जेवायला बसलेल्या माणसांवर काठ्या चालवल्या. हे सगळं आपल्याला माहीत आहे. पुढचंही माहीत आहे, पण त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, म्हणून मी मांडतो.

लगोलग तळं शुद्ध करायचं ठरलं. एकशे आठ मडकी पाणी तळ्यातून बाहेर काढलं. दूध, दही, शेण, गोमूत्र यांनी भरलेली मडकी भटांच्या मंत्रघोषात पाण्यात बुडवली. आणि पाणी पुन्हा स्पृश्यांना पिण्यालायक झालं असं जाहीर केलं.

आता हिशेब. तळं किती मोठं? पुढं हायकोर्टानं निकालात लिहिलं आहे, चार ते पाच एकर. पाच एकर म्हणजे साधारण वीस हजार चौरस मीटर. पाणी सरासरी दोनच मीटर खोल धरू, मार्च महिना आहे. चाळीस हजार घनमीटर झाले, म्हणजे चार कोटी लिटर. मडकं दहा लिटरचं धरा, एकशे आठ मडकी म्हणजे एक हजार ऐंशी लिटर. म्हणजे दर सदतीस हजार लिटरमागं एक लिटर पाणी काढलं आणि बाकीचं आपोआप पवित्र झालं. आणि आपल्या माणसांनी किती पाणी घेतलं? माणसं तीन हजार धरू, ओंजळीत दीडशे मिलिलिटर. साडेचारशे लिटर. बाटवणाऱ्यांनी तळ्यातून जेवढं उचललं त्याच्या दुपटीहून जास्त शुद्ध करणाऱ्यांनी उपसलं!

दुसरा भाग मडक्यांत काय होतं त्याचा. पाण्यात कुजणारी वस्तू पडली की तिला कुजवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू खातात. किती खातात त्यावरून घाण मोजायची, ही माझ्या प्रयोगशाळेतली रोजची रीत. घरगुती सांडपाण्याच्या एका लिटराला पाच दिवसांत दोनशे-तीनशे मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. दुधाच्या एका लिटराला लागतो एक लाखाच्या घरात. होय, दुधाला. आपण ज्याला पवित्र म्हणतो ते दूध पाण्यात ओतलं तर गटारापेक्षा तीनशे-चारशे पट भूक लावतं. मार्चच्या उबदार पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो. म्हणजे एक लिटर दूध बारा-तेरा हजार लिटर पाण्याचा श्वास काढून घेऊ शकतं. शेणाचं वेगळं सांगत नाही. शेणातून पोटाचे जंतू पाण्यात जातात हे आता शाळेतल्या पोराला येतं. आज देशात नुसतं जंतू मारून प्यायला जे तळं-नदीचं पाणी चालतं, त्याचं माप असं आहे: प्राणवायू सहा मिलिग्रॅमच्या वर, कुजक्या घाणीची भूक दोनच्या आत, आणि शंभर मिलिलिटरात कोलिफॉर्म पन्नासपेक्षा जास्त नको. शेणाचं एक मडकं जिथं बुडवलं तिथल्या पायरीवर त्या दिवशी हे माप टिकलं नसतं.

तरी न्याय न्यायानं बोलू. एवढ्या मोठ्या तळ्याला हजार लिटर शेण-दुधानं काही होत नाही. तळं ते पचवतं. ज्यानं साडेचारशे लिटरची ओंजळ पचवली नाही असा बोभाटा झाला, त्यानं पंचगव्यही मुकाट्यानं पचवलं. म्हणजे पाण्याच्या बाजूनं बघितलं तर २० मार्चलाही काही बिघडलं नव्हतं आणि नंतर काही सुधारलंही नव्हतं. बिघडलं होतं ते पायऱ्यांवर.

इथं माझी एक गोष्ट सांगून टाकतो. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. आमच्याच भागातल्या एका गावात साथ आली म्हणून विहिरीचा नमुना घेतला. दुसऱ्या फेरीत अहवाल घेऊन मीच गेलो. पाणी पिण्यास योग्य असा शिक्का. उन्हातून चालत गेलेलो, एका घरी पाणी मागितलं. बाई चांगली होती, "दमला असाल," म्हणाली. आतून कुणीतरी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग तांब्या बाहेर आला तो वरून धरलेला, आणि मी ओंजळ केली. ज्या पाण्याचा दाखला माझ्या खिशात, तेच पाणी. मी प्यायलो. तहान होती. आजा घरी ऐकून म्हणाला, "पानी बरं होतं ना? मग झालं." त्याच्या त्या बोलण्यात राग किती आणि हसू किती हे मला अजून कळलेलं नाही.

महाडकडे परत येऊ. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं तीन वर्षांपूर्वीचा ठराव मागं घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली तेव्हा स्पृश्यांनी १२ तारखेला दावा लावला, की तळं सार्वजनिक नाही, स्पृश्यांच्या खासगी मालकीचं आहे. १४ ला मनाई हुकूम मिळाला. २५ ला मनुस्मृती जाळली गेली, परिषदेला जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं, कारण कुणी स्पृश्य जागा देईना. बाबासाहेबांनी त्या भाषणात १७८९ च्या फ्रान्सच्या सभेची आठवण काढली. आणि हजारो माणसं, तळं डोळ्यांसमोर असताना, हुकूम पाळून पाण्यात न उतरता परतली. मला ही शिस्त सत्याग्रहाइतकीच मोठी वाटते.

खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्यात अपील फेटाळलं, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात ब्रूमफील्ड आणि वाडिया या न्यायमूर्तींनी शेवटचा निकाल दिला. पहिल्या ओंजळीला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते. हा निकाल वकील वाचतात रूढीच्या कायद्यासाठी. स्पृश्यांचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना बंदी ही अनादि काळापासूनची रूढी आहे. कोर्ट म्हणालं, सिद्ध झालं नाही. तळ्याभोवती स्पृश्यांची घरं उभी राहिली, त्याच्या आधी कुणी कुणाला अडवलं असेल असं दिसत नाही.

पण मी तो निकाल वाचला तो पाण्याच्या माणसाच्या डोळ्यानं, आणि थक्क झालो. मालकी ठरवायची म्हणून न्यायमूर्तींनी तळ्याची जी हकिगत लिहिली, तीच आजच्या पाहणीचं पहिलं पान शोभावी. तळं अडीचशे वर्षांहून कमी जुनं नाही. कुणी खणलं याचा पुरावा नाही. बहुधा पावसाळी ओढ्याच्या पात्रातला हा नैसर्गिक खळगा असावा, तो पुढं खोल-रुंद करून बांध घातला. पाणी काही पावसाचं, काही जिवंत झऱ्यांचं. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे स्पृश्यांची घरं, एकदोन मुसलमानांची. त्या घरवाल्यांच्याच मालकीच्या काठावरच्या पट्ट्या, घाट, दगडी बांध. अस्पृश्याचं एकही घर जवळपास नाही.

या एका परिच्छेदात तळ्याचा सगळा आजार लिहिलेला आहे. तळं जगतं ते काठावर. मधलं पाणी दिसायला मोठं, पण जीव धरतो तो गुडघाभर पाण्यात, जिथं माती आहे, लव्हाळी आहे, पाणकणीस आहे. तिथं बेडूक अंडी घालतो, चतुराची अळी वाढते, माशाचं पिलू लपतं, आणि वरून येणारी घाण मुळ्यांत अडते. घरवाल्यांनी आपापली पट्टी दगडानं बांधून काढली तेव्हा दोघांना एकदम बाहेर ठेवलं, महाराला आणि लव्हाळ्याला. पहिल्यासाठी लढा झाला. दुसऱ्यासाठी कोण भांडणार?

आता झऱ्यांचं काय? १९३७ मध्ये झरे वाहते होते. झरा मुका होतो तो तळ बुजल्यानं, नाहीतर वरच्या अंगाला विहिरी-बोअर मारून पाणी ओढल्यानं. चवदार तळ्याची तब्येत पाहायची तर पहिला प्रश्न हाच, की कोर्टानं नोंदवलेले झरे आज जिवंत आहेत का. ते बंद असतील तर तळं म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी, आणि साठवलेल्या पाण्याला वर्षभर ऊन आणि फुलं एवढंच मिळतं.

फुलांचं मुद्दाम म्हणतो. दर २० मार्चला आपली माणसं तिथं लोटतात. गेलंच पाहिजे, मीही जातो. हार येतात, खाऊचे कागद येतात, कुणी भक्तीनं पाण्यात फुलं सोडतो. फूल कुजलं की नत्र-स्फुरद पाण्यात उतरतं, शेवाळ माजतं. शेवाळानं हिरवं झालेलं पाणी दिवसा भरपूर प्राणवायू करतं आणि रात्री तोच खाऊन टाकतं. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकतात. दुपारी साहेब नमुना घेऊन जातो आणि अहवालात सगळं ठीक! जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारीच्या पुरानं महाड बुडालं. असा पूर शहरातली गटारं, तेल, गाळ सगळं एक करतो. जवळच रसायनांच्या कारखान्यांची वसाहत आहे. पुराचं पाणी तळ्याच्या तळाशी काय ठेवून जातं हे पाण्याच्या नमुन्यात येत नाही, त्यासाठी गाळ तपासावा लागतो. सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात गाळ तपासणीची ओळ मी शोधत असतो.

सरकारचे नियम काय म्हणतात तेही बघू. १९७१ साली इराणातल्या रामसर गावी पाणथळ जागांचा जागतिक करार झाला, १९८२ साली भारत त्यात गेला. महाराष्ट्रात आज त्या यादीत आमच्या कसारा घाटापलीकडचं नांदूर मध्यमेश्वर आहे, लोणार आहे आणि ठाण्याची खाडी आहे. २००२ मध्ये स्पेनमधल्या वालेन्सियाच्या परिषदेत असंही ठरलं, की पाणथळ जागेचं मोल ठरवताना तिथली संस्कृती धरायची. छान. पण संस्कृती म्हटलं की या कागदांना देऊळ दिसतं, यात्रा दिसते, स्नान दिसतं. पाणवठा फोडणं ही संस्कृती आहे असं कुणाच्या तक्त्यात नाही.

आपल्या देशाच्या २०१७ च्या नियमांत पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं मुद्दाम बांधलेली तळी पाणथळ धरलेली नाहीत. कुणी बोट दाखवील, की चवदार तळं पिण्याचंच, सोडा. इथं १९३७ चा निकाल पुन्हा कामाला येतो. तळं खणलेलं आहे हेच सिद्ध नाही, ते ओढ्याच्या पात्रातलं आहे, असं हायकोर्ट सांगून गेलंय. दुसरी अडचण आकड्याची. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच ज्या २,०१,५०३ पाणथळ जागा जपायला सांगितल्या त्या सव्वादोन हेक्टरच्या वरच्या, म्हणजे साडेपाच एकरांच्या वरच्या. न्यायमूर्तींच्या मापानं आपलं तळं पाच एकर. अर्ध्या एकरानं बाहेर राहिलं. बाहेर राहायची सवय आहेच.

खर्डीकडून बघताना या नियमाचा दुसरा अर्थ लागतो. तानसाचं धरण १८९२ चं, मोडकसागर १९५७ चं, भातसा ऐंशीच्या दशकातलं. माणसानं पिण्यासाठी नाहीतर शेतीला बांधलेलं सगळं, तेव्हा तेही पाणथळ नाही. पण त्यांची तब्येत कुणी वाऱ्यावर सोडलेली नाही. तानसाभोवतीचं जंगल १९७० पासून अभयारण्य आहे. पाणलोटात कारखाना नाही, झाडोरा आहे, म्हणून पाणी नितळ येतं. २०१४ मध्ये त्याच रानात वनपिंगळा सापडला, जो कधीकाळी जगातून संपला असं धरलं होतं. काळजी घेतली की पाणी आणि रान दोन्ही टिकतं याचा पुरावा आमच्या उशाला आहे. काळजी घेतली जाते कारण प्यायला मुंबई आहे. त्याच तालुक्यात कातकरी-ठाकूर वाड्यांत, बौद्धवाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, आणि वाडीच्या डबक्याचा नमुना साथ आल्याशिवाय कुणी नेत नाही. पाण्याची निगा पिणाऱ्याच्या पतीवर ठरते. १९२७ मध्ये ती जातीवरून ठरे, आता पाइपाच्या जाडीवरून ठरते, आणि पाइप कुठल्या वस्तीला जात नाही हे बघितलं तर दोन्ही नकाशे फार वेगळे निघत नाहीत.

२० मार्च २०२७ ही शंभरावी तारीख. त्या निमित्तानं कमानी होतील, भाषणं होतील. माझी मागणी स्वस्त आहे. पायऱ्यांच्या एका बाजूचा शंभर पावलांचा काठ दगड काढून मातीचा करा, तिथं लव्हाळी येऊ द्या. हार पाण्यात जाऊ नयेत म्हणून पायरीवर टोपल्या ठेवा आणि आपलीच पोरं तिथं उभी करा, आपल्या लोकांना आपलंच पोरगं सांगू शकतं. झरे शोधा. गाळाचा नमुना घ्या.

आणि पाण्याचा नमुना घ्यायचा तर तो आपल्यातल्या विज्ञान शिकलेल्या पोरांनी घ्यावा, अवघड नाही. २० मार्चच्या पहाटे एक, गर्दी यायच्या आधी, आणि २१ च्या पहाटे दुसरा. पहाटेच, कारण रात्रभर श्वास घेऊन झालेलं पाणी खोटं बोलत नाही. काचेच्या बुचाची तीनशे मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. काठावरच दोन औषधं घालायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड, प्रत्येकी दोन मिलिलिटर. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची आणि थांबायचं. गाळ तपकिरी बसला तर पाण्यात प्राणवायू आहे, पांढरा बसला तर नाही. बाटलीवर तारीख, वेळ आणि कुठल्या पायरीवरून घेतला ते लिहायचं. नमुना घेणाऱ्याचं नावही लिहायचं, आडनावासकट.